आमची वाटचाल: जुन्या गाडीला इंजिन निवडताना

आमचा कारखाना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. वडिलांनी एक बोअरिंग मशीन आणि एक क्रँक ग्राइंडर घेऊन सुरुवात केली. ऑइल इंजिनं, उसाचे ट्रॅक्टर आणि वडापच्या जीपा, हे तेव्हाचं काम. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी तर रात्रपाळी ठरलेली. उद्यमनगराचा मोठा आधार म्हणजे पॅटर्नवाला (ओतकामाचा लाकडी नमुना करणारा), फाउंड्री, टर्नर, हीट ट्रीटमेंट, सगळी माणसं हाकेच्या अंतरावर. बाजारात न मिळणारा भाग इथे बनवून घेता येतो. आमचा पुढचा धंदा यावरच उभा राहिला.

कॅम्परचं, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांचं, काम वडिलांच्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे आलं. निवृत्तीनंतर या गुरुजींनी जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली आणि आंबा घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, म्हणून आमच्याकडे आणली. "मोठं इंजिन टाका," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्यामागून सांगली, बेळगाव, पुण्याहून तशीच माणसं येऊ लागली. २०२१ मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून चौकशी आणखी वाढली.

आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या मुख्यतः दोन, मॅटाडोर आणि ट्रॅव्हलर. कंपनी एकच, बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स. पण दोघींचं कूळ वेगळं आहे. मॅटाडोर जर्मनीतल्या हानोमाग कंपनीच्या वळणाची, तिची पुढची चाकं ओढतात. १९८७ मध्ये आलेली ट्रॅव्हलर मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरची, तिला मागची चाकं ढकलतात. मॅटाडोरचं इंजिन बदलायचं तर गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) आणि पुढचे शाफ्ट एकाच गाठोड्यात बांधलेले असतात, तिथे परकं इंजिन बसवणं म्हणजे अर्धी गाडी नव्याने करणं. ट्रॅव्हलरमध्ये हात फिरवायला जागा असते, म्हणून मोह जास्त होतो.

त्या काळातलं मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम ६१६ हे इंजिन २३९९ सीसीचं, चार सिलिंडरचं, प्रीचेंबरवालं, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारं. आवाज जास्त, ताकद बेताची, पण रिबोर करता येतं (झिजलेला सिलिंडर थोडा मोठा कापायचा), लायनर म्हणजे आतली नवी नळी बसवता येते, नोझल आणि पंप कॅलिब्रेट करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. गिऱ्हाइकाला हवं असतं ते कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबाने आणि संगणकाने मोजून डिझेल सोडणारं इंजिन. ते ओढतं जोरात, यात शंका नाही. पण त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सरची पूर्ण वायरिंग, इंटरकूलरला जागा आणि हजार बारच्या वर दाब सोसणारी डिझेल लाइन येते. गगनबावड्याच्या पुढे पावसात एक सेन्सर गेला तर गाडी तिथेच थांबते. लांब फिरणाऱ्या घरासाठी मला हे पटत नाही, आणि मी ते तोंडावर सांगतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी थ्रॉटलमागची पोकळी मिळत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप लागतो. दुसऱ्या इंजिनाचा पंप लहान असला किंवा पाइपाचं माप चुकलं, तर उतारावर लागोपाठ दोन-तीन ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखं होतं. आमचे जुने फिटर आबा मामा गिऱ्हाइकाला विचारतात, "मालक, इंजिन वर न्हेईल, पन खाली कोन आननार?" आमच्या कारखान्यात इंजिनाची बोलणी या प्रश्नापासून सुरू होतात.

म्हणून गाडी आली की आधी भरलेल्या टाकीसकट वजनकाट्यावर नेतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात बॅटऱ्या, गॅस, फर्निचर, छतावरचा एसी. पुष्कळदा ताकद कमी नसते, वजनच कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. मग कॉम्प्रेशन, रेडिएटर, क्लच, आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण पाहतो. गुरुजींच्या गाडीचं इंजिन आम्ही तेच ठेवलं: रिबोर, हेड फेसिंग, पंप-नोझल नवं, रेडिएटरची कोअर मोठी, आणि लाकडी कपाटांच्या जागी ॲल्युमिनियमची. आता ती आंबा घाट तिसऱ्यात चढते.

ज्यांना खरोखर जास्त ताकद हवी, त्यांना त्याच घराण्यातून पुढे आलेलं २.६ लिटरचं टर्बो इंजिन सुचवतो. जुळवाजुळव कमी लागते, तरी फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मोजल्याशिवाय होकार देत नाही. इलेक्ट्रिकबद्दलही विचारतात. त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं किट असेल तरच तो विषय पुढे जातो, आणि बॅटरीच्या वजनाने पुन्हा काट्यावरच यावं लागतं.

कागदांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करता येत नाही, आणि आरसीवर इंजिन नंबर असतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर पडताळतो. नंबर जुळला नाही तर पासिंग अडतं, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही. परदेशी व्हॅनमध्ये सुबारूचं इंजिन बसवल्याचे व्हिडिओ घेऊन तरुण पोरं येतात. त्या देशातले नियम तिथले. इथे आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. हे ऐकून काही गिऱ्हाइकं दुसऱ्या गॅरेजला जातात. जाऊ देतो.

आता बोअरिंगचा विभाग धाकटा भाऊ बघतो, कॅम्परचा मी. बेल हाउसिंग (इंजिनामागचं क्लचचं आवरण) आणि गिअरबॉक्स यांच्यामधली ॲडाप्टर प्लेट पूर्वी प्लेटमधून कापून घ्यायचो, आता शिरोलीच्या फाउंड्रीतून ओतून येते आणि फेसिंग आमच्याच मशीनवर होतं. सध्या बेळगावच्या एका ताईंची मॅटाडोर रॅम्पवर आहे. त्यांना टर्बो हवंय. ट्रान्समिशन उघडलंय, बेअरिंग आणि पुढच्या शाफ्टची मापं घेतोय, आकडे हातात आले की इंजिनाचं त्यांच्याशी बोलू.