तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरचा कलर टीव्ही लावून बघू का?

मी जुने कलर टीव्ही जमवतो आणि दुरुस्त करतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या आजोबांनी एशियाडच्या वेळी घेतलेला कलर टीव्ही माळ्यावर तसाच पडलाय. खाली काढून लावून बघू का?" विचारणाऱ्याचा उत्साह मला मनापासून आवडतो. तरी उत्तर ठरलेलं आहे: खाली जरूर काढा, दोघांनी मिळून काढा, पण प्लग लावू नका.

इतकी वर्षं बंद होता म्हणजे झिजला नसणार, असा सगळ्यांचा समज असतो. पण बंद पडून राहिलेला संच आतून बिघडतच असतो. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सुकत जातात, आणि त्यांच्या आतला जो पातळ थर वीज अडवून धरतो तो वापराविना कमजोर होतो. अशा संचाला एकदम 230 व्होल्ट दिले की पॉवर सप्लाय ताळ्यावर राहत नाही. मेकॅनिक ज्याला बी प्लस म्हणतात तो आतला मुख्य विजेचा दाब ठरल्यापेक्षा वर चढतो आणि त्याच्यामागे एलओटीचाही, म्हणजे ट्यूबसाठी हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचाही. कलर पिक्चर ट्यूबला, म्हणजे जिच्या पडद्यावर चित्र उमटतं त्या मोठ्या काचेच्या नळीला, मुळातच वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात. त्याच्याही वर गेलं की एलओटीतून ठिणगी पडते आणि खेळ संपतो. त्या जुन्या चॅसिसची, म्हणजे आतल्या सर्किटच्या सांगाड्याची, एलओटी आज ना पुण्याच्या बुधवार पेठेत मिळते, ना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. कोकणातून आलेल्या संचात सादळलेली धूळ असते, तिच्यावरून हाय व्होल्टेज सरळ वाट काढतं. आणि उंदीर तर सगळीकडेच. त्यांच्या मुताने पीसीबीवरचे, म्हणजे सर्किटच्या पाटीवरचे, तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून तुटलेले असतात.

म्हणून माझ्याकडे आलेला संच आधी नुसता उघडून साफ होतो. मग संशय येणारे कंडेन्सर सुटे करून तपासायचे, हवे तिथे बदलायचे, आणि मगच वीज. तीही सिरीज बल्बमधून. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब वाटेत जोडला की आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि संच वाचतो. एक काळजी घ्यायची: डिगॉसिंग कॉइलची, म्हणजे ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याची, पिन आधी काढून ठेवायची. सुरुवातीला तीच भरमसाट करंट ओढते आणि बल्ब खोटं सांगतो.

हे घरी करू नका. पिक्चर ट्यूब स्वतःच एक मोठा कंडेन्सर असते, टीव्ही बंद केल्यावरही तिच्यात झटका देण्याइतका चार्ज राहतो. बऱ्याच संचांचं चॅसिस थेट घरच्या विजेच्या लाईनला जोडलेलं असतं. आणि ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असल्यामुळे तिची मान ही सगळ्यात नाजूक जागा. मानेला धरून ती कधीच उचलायची नाही.

एवढं जपायचं ते कशासाठी? ट्यूबसाठी. बाकी जे काही आहे त्याला उपाय निघतो. ट्रान्झिस्टरला पर्याय मिळतो, आयसी दुसऱ्या मेलेल्या चॅसिसवरून काढता येतो, लाकडी कॅबिनेट सुतार करून देतो. कलर ट्यूब मात्र आता आपल्याकडे कुठेच बनत नाही, कारखाने केव्हाच बंद झाले. तिच्या मानेत पडद्यावर इलेक्ट्रॉन फेकणाऱ्या तीन गन असतात. त्यांच्या कॅथोडवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरचा, लेप झिजला की चित्र उशिरा येतं, पांढरा रंग चंदेरी दिसायला लागतो, चेहऱ्यांवरचा तपशील पुसट होतो. मेकॅनिक म्हणतो, "ट्यूब वीक झाली." जास्त दाब देऊन ती जागी करण्याची यंत्रं असतात, पण ती मी वापरत नाही. काही महिन्यांच्या चकाकीसाठी उरलासुरला लेप जाळून टाकणं मला पटत नाही. वीक ट्यूब मंद ब्राइटनेसवर, संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत बघावी. फार सुंदर दिसते.

लोक कंपनीचं नाव सांगतात, मी चॅसिस विचारतो. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपणाची सुरुवात 1982 सालची. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरचा सोहळा रंगीत दिसला आणि 19 नोव्हेंबरला दिल्लीत आशियाई खेळ सुरू झाले. मागणी एकदम उसळली. सुरुवातीचे कितीतरी संच परदेशी किट आणून इथे जोडलेले होते. त्यामुळे बाहेर नाव ओळखीचं आणि आत जपानी किंवा कोरियन चॅसिस, असं सर्रास सापडतं. रत्नागिरी, रायगडकडच्या घरांत आखातातून आलेले संच भेटतात. दुबई-मस्कतलाही आपल्यासारखीच पाल (PAL) ही रंगीत प्रक्षेपणाची पद्धत होती, म्हणून ते इथे बिनतक्रार चालले. अमेरिकेहून हौसेनं आणलेल्या संचाला मात्र इथे रंग मिळाला नाही. तिकडे एनटीएससी ही वेगळी पद्धत, 525 ओळी आणि 60 सायकल. आपल्याकडे 625 ओळी आणि 50.

पालचं नाव निघालंच आहे तर माझ्या सगळ्यात आवडत्या भागाबद्दल सांगायलाच हवं. रंगाची छटा सिग्नलच्या फेजमध्ये, म्हणजे त्याच्या लाटेच्या मागेपुढे असण्यात, असते. वाटेत फेज जरा सरकली की माणसाचा चेहरा हिरवट नाहीतर जांभळट होतो. म्हणून अमेरिकन टीव्हीला टिंटचं बटन असायचं आणि ते सारखं फिरवावं लागायचं. जर्मनीतल्या हॅनोव्हरला टेलिफुंकन कंपनीत वॉल्टर ब्रूख यांनी यावर तोडगा काढला. रंगाच्या दोन घटकांपैकी एक घटक ओळीआड उलटा पाठवायचा. टीव्हीने मागची ओळ जरा थोपवून धरायची आणि चालू ओळीत मिसळायची. एका ओळीतली चूक हिरव्याकडे गेली असेल तर दुसरीतली तेवढीच जांभळ्याकडे जाते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. रंग किंचित फिका पडतो, छटा ढळत नाही.

पण एक ओळ म्हणजे 64 मायक्रोसेकंद. त्या काळच्या टीव्हीत ती थोपवायची कशी? त्यासाठी चॅसिसवर काडेपेटीएवढी एक चपटी डबी असते, डिले लाईन. तिच्या आत काचेची पट्टी. एका कोपऱ्यातून रंगाचा सिग्नल आवाज होऊन काचेत शिरतो, अर्थात कानाला ऐकू न येणारा. तो कडांवर आपटत, वळणं घेत दुसऱ्या टोकाला पोचतो आणि तिथे पुन्हा वीज होतो. आवाज विजेपेक्षा कितीतरी सावकाश चालतो, म्हणून त्या एवढ्याशा काचेत बरोबर एका ओळीचा वेळ जातो. सेकंदाला 15,625 वेळा, कुठलाही हलता भाग नसताना. त्या काचेकडे बघताना मला आजही भरून येतं.

तिचा बिघाडही ओळखू येतो. एका संचात लाल साडीवर दोन-दोन ओळींच्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसत होत्या. त्यांना हॅनोव्हर बारच म्हणतात. आधीच्या कुणीतरी ट्यूब गेली असं सांगून टाकलं होतं. भिंगातून बघितलं तर डिले लाईनच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल भेग, ड्राय सोल्डर, म्हणजे निसटलेला झाळ. जुनं कथिल ओढून काढलं, पाय खरवडून नवं भरलं, शेजारचे दोन प्रीसेट, म्हणजे जुळवणीचे छोटे खिट्टे, पडद्यावरचा चाचणीचा पॅटर्न बघत जुळवले. साडी एकसंध लाल झाली.

यापुढचा प्रश्न ठरलेला: "पण आता यावर दिसणार काय?" दूरदर्शनचे जवळजवळ सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 च्या मार्चपर्यंत बंद झाले, म्हणजे अँटेनावर काही येणार नाही. या संचांना बहुधा मागे अँटेनाचं एकच भोक असतं. सेट टॉप बॉक्सला आरएफ आउट, म्हणजे अँटेनाच्या भोकात जाणारा सिग्नल, असेल तर उत्तम, नाहीतर तसा सिग्नल करून देणारा एक छोटा मॉड्युलेटर लावायचा. मी त्यावर त्या काळातलीच जुनी रेकॉर्डिंग लावतो. तेव्हाचे कार्यक्रम याच चौकोनी आकारासाठी, याच ट्यूबसाठी उजळलेले होते. सपाट स्क्रीनवर ते फाटल्यासारखे, कळाहीन दिसतात. इथे निवेदिकेच्या जरीच्या काठाला चमक येते, पडदा मागे खोल जातो. ज्यांनी ते प्रकाश लावले, कॅमेरे चालवले, त्यांचं काम त्यांनी केलं तसं दिसायचं असेल तर अशी ट्यूब जिवंत हवी.

म्हणूनच कॅबिनेट पोकळ करून आत मासे सोडलेले किंवा एलसीडी बसवलेला बघितला की जीव तुटतो. भंगारात तर याहून वाईट. यॉकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या तारेच्या वेटोळ्याच्या, तांब्यासाठी पहिल्या पाच मिनिटांत ट्यूबची मान मोडतात. त्या काचेत शिसं असतं. फुटलेली ट्यूब उकिरड्यावर जाता कामा नये, ती अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यायला हवी.

तेव्हा माळ्यावरचा टीव्ही काढलात तर ओळखीच्या जुन्या मेकॅनिकला बोलवा. मागचं कव्हर त्यालाच काढू द्या. चॅसिसवरचा नंबर आणि ट्यूबच्या लेबलवरचा नंबर, दोन्हींचे फोटो काढून ठेवा. आत सर्किट डायग्राम चिकटवलेला असेल तर त्याचाही. ठेवायचा असेल तर मी मदत करीन. ठेवायचा नसेल तरी भंगारवाल्याच्या आधी मला फोन करा. गाव कुठलंही असो, ट्यूब शाबूत असेल तर मी येऊन घेऊन जातो.