प्रार्थनेला सोबत लागते

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं साताऱ्यातल्या सदर बझारात एका घरी प्रार्थनेला बसतो. घर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मावशींचं. त्या दवाखान्यात सिस्टर होत्या, आता निवृत्त झाल्यात. त्यांच्यासोबत मी, बँकेत नोकरी करणारा एक तरुण आणि पूर्वी एसटीत वाहक असलेले एक काका. ही मंडळीची घरसभा नव्हे. इथे संदेश नसतो, पेटी-तबला नसतो, चहासुद्धा सगळं झाल्यावरच.

बायबलमधलं एक स्तोत्र तीनदा वाचायचं, सावकाश, दरवेळी वेगळ्या माणसाने. मग गप्प बसायचं. मग ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं. ही रीत फार जुनी आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या गिगो नावाच्या मठवासी साधूने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. पाळकसाहेबांनी एका उपवास-प्रार्थनेत त्या समजावून सांगितल्या आणि मावशींनी त्या मनावर घेतल्या. त्यात एक नियम त्यांनी स्वतःचा घातला: एकाने मन मोकळं केलं की दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे तर मुळीच म्हणायचं नाही. मावशी फक्त एवढंच विचारतात, "हे तू प्रभूला सांगितलंस का? अगदी असंच?"

आईला अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवसांत मी या प्रश्नाचं मोल ओळखलं. लहानपणापासून मला नीट, आदराने प्रार्थना करायची सवय. आधी उपकारस्तुती, मग मागणं, मग आमेन. रडायला, भांडायला त्यात जागाच नव्हती. त्या गुरुवारी स्तोत्र १३ होतं. दावीद परमेश्वराला पुन्हा पुन्हा विचारतो, कोठवर? तिसऱ्यांदा वाचायची पाळी माझी होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. काकांनी बायबल माझ्या हातातून हळूच घेतलं आणि म्हणाले, "तू नुसती बस, पोरी. तुझ्या वाटचं आम्ही मागतो."

आणि त्यांनी मागितलं. आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. रात्री तिची कूस बदलायला बाई मिळावी म्हणून. मला झोप लागावी म्हणून. कितीतरी गुरुवार त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं होतं, म्हणून त्यांना नेमकं काय मागायचं ते ठाऊक होतं. घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून प्रभूशी पहिल्यांदा मोठ्याने भांडले. मावशींच्या त्या ‘अगदी असंच’शिवाय माझं ते धाडस झालं नसतं.

बायबलातल्या निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात जड होतात, तेव्हा त्याच्यासोबतचे अहरोन आणि हूर ते धरून ठेवतात. हे आपण सगळ्यांनी संडेस्कूलमध्ये ऐकलंय. पण त्याआधी त्यांनी त्याला बसायला दगड आणून दिला, ते मला जास्त आवडतं. मोठं काही बोलले नाहीत. आधी टेकायला जागा दिली. आणि खुद्द प्रभू येशूने धरला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जवळ नेऊन जागे राहायला सांगितलंच होतं की! त्याला सोबत हवी होती, मग आपण एकट्याने निभावण्याचा हट्ट का धरावा?

साताऱ्याला हे काही नवं नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ साली इथेच ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र यायचे. १९१९ मध्ये ते गेले, म्हणजे त्यांच्या हाताखाली दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. पण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलेल्या या माणसाला भक्ती म्हटलं की संगत आलीच, असं वाटलं असणार. मला तरी तसंच वाटतं.

कोणी विचारलं तर मी सांगते, एका माणसापासून सुरुवात करा. तो फार शास्त्र जाणणारा नसला तरी चालेल, पण ऐकलेलं पोटात ठेवणारा हवा. आपलं गाव लहान आहे. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत दुसऱ्याचं दुःख चारचौघांत नेणाऱ्यांपाशी मन उघडू नये.

आईचा उजवा हात अजून उचलत नाही. मी अजून ‘कोठवर’ विचारते, त्या तिघांच्या समोर, मोठ्याने. आमच्यातल्या तरुणाची आता कराडला बदली झालीय. मावशींनी त्याला बजावलंय, गुरुवारी फोन करायचा. स्पीकर चालू ठेवू, तिसरं वाचन तू करायचंस.