माझ्या किचनमधली पुस्तकं आणि सोलापूरच्या राहिलेल्या रेसिप्या

फ्रिजवर माझी रेसिपीची पुस्तकं असतेत. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं म्हणजे अर्थातच कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. 1970 साली आलं आणि आजपण नवीन लग्न झालेल्या मुलीला मी तेच देते, कारण त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत. घरातली एक वाटी ठरवायची, सगळं त्याच वाटीनं मोजायचं, की पदार्थ फसत नाही. नवशिक्या माणसाला "अंदाजानं घाला" म्हणून सांगितलं की तो घाबरतोच, आणि बाईंनी ती भीतीच काढून टाकली, मला तर हे फार मोठं काम वाटतं.

जुन्यातलं वाचायला आवडतं ते लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र', 1910 चं. हजार पाकक्रिया! आणि त्याच्याही आधीचं म्हणजे 1875 चं रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं 'सूपशास्त्र'. ही दोन्ही मी रोजच्या स्वयंपाकाला नाही घेत, दुपारी निवांत वाचते. दीडशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की हे लिहून ठेवावं, छापावं, याचंच मला कौतुक वाटतं.

पण एक गोष्ट मनाला लागतेच. घराघरात असतेत त्या नावाजलेल्या पुस्तकांत सोलापूर कुठंय? पुण्या-मुंबईकडचं, कोकणातलं भरपूर सापडतं, आमची हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, कडक भाकरी, वेळ अमावस्येची, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येची, भज्जी ही मिसळीची भाजी शोधत बसावं लागतं. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आलं, मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्यावरचं, ते वाचताना तर हे अजूनच जाणवलं, की कुणाचं जेवण पुस्तकात येतं आणि कुणाचं येत नाही. ते पुस्तक प्रत्येकानं वाचाच, रेसिपी करायची नसली तरी.

म्हणून माझं खरं लाडकं कलेक्शन म्हणजे आईची वही. लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली, मध्येच किराणाची यादी पण आहे. आमच्या गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळंच चालतं, त्यामुळं वहीत पण सगळी घरं आलीत. हुग्गी आलीय शेजारच्या लिंगायत अक्कांकडनं : गहू भिजवून कांडायचे, कोंडा पाखडून काढायचा, मऊ शिजले की मगच गूळ, कारण गूळ आधी पडला तर गहू पुढं शिजतच नाहीत, मग सुंठ, खसखस, खोबरं, आणि वाढताना दूध-तूप. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, मावशींकडची चिंचेची आमटी पण आहे, ती आई मावशींच्या समोर बसून लिहून घ्यायची आणि परत वाचून दाखवायची.

शेंगा चटणीचं पान तर मी पाठच केलंय. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, घाई नाही, आतनं पण खमंग झाले पाहिजेत. गार झाले की सालं काढायची. मग लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट आणि उखळात कुटायचं. कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी लालसर, ओलसर, बोटाला चिकटणारी होते, तीच खरी सोलापुरी. मिक्सरला लावायचीच असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की एकतर कोरडा कूट होतो नाहीतर गोळा. आईनं पानाच्या कडेला लिहिलंय "तेल वरनं घालू नये". मला विचाराल तर अख्ख्या रेसिपीत हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि अशा ओळी छापील पुस्तकात फार कमी सापडतेत.

सध्या मी ही वही टाईप करायला घेतलीय, रोज रात्री थोडं थोडं. "मूठभर"ला वाटीचं माप लावायचं म्हणजे आधी पदार्थ करून बघावा लागतो, त्यामुळं वेळ लागतोय. आता भज्जीचं पान आलंय : ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पालेभाज्या, वर बेसनाचं पीठ आणि चिंच, सोबत ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील. हे दाणे बाजारात ताजे येतेत ते मार्गशीर्षातच, तोपर्यंत ते पान कोरं ठेवून पुढं कडक भाकरीला लागते.