रोटेनोनचं बूच

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक देखणा आलेख होता. निरोगी उंदरांच्या हृदयातले मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक) झपाझप ऑक्सिजन खाताहेत आणि मधुमेही उंदरांचे मरगळलेत. अकरा जोड्या केल्या, अकराही वेळा तेच. मॅडमनी तो डिपार्टमेंटच्या सेमिनारला दाखवायला सांगितला, मी ऐटीत दाखवला. तो साफ चुकीचा होता.

शाळेत ‘तंतुकणिका’ म्हणून एका मार्कासाठी पाठ केलेली ही गोष्ट. हृदयाच्या पेशीत जवळजवळ एक तृतीयांश जागा यांचीच असते, कारण हृदयाला सुट्टी नाही. निरोगी हृदय बरीचशी ऊर्जा स्निग्धाम्लांतून मिळवतं, उरलेली मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टेटमधून. मधुमेहात काटा स्निग्धाम्लांकडे आणखी झुकतो. ग्लुकोज आणि स्निग्धाम्लं एकमेकांची वाट कशी अडवतात, ते रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच मांडलं. या ओढाताणीत मायटोकॉन्ड्रिया स्वतः बिघडतात का, एवढंच मला मोजायचं होतं. घरात बाबा, काका, आत्या असे तीन डायबेटिसवाले असल्यामुळे विषय निवडायला वेळ लागला नव्हता.

मोजायचा दिवस सकाळी सातला सुरू व्हायचा. शेपटीतून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर आकडा बघायचा, मग उंदीर सॅक्रिफाइस करायचा (लॅबमध्ये ‘मारला’ असं कुणी म्हणत नाही). हृदय जेमतेम एक ग्रॅमचं. ते बर्फगार सुक्रोजच्या बफरमध्ये कात्रीनं बारीक करायचं, काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दांड्यानं हलक्या हातानं घोटायचं. जोर जास्त झाला की मायटोकॉन्ड्रिया फुटतात, कमी झाला की हाती काही लागत नाही. मग सेंट्रिफ्यूज, आधी हळू, नंतर जोरात. शेवटी नळीच्या तळाशी मसुराएवढा तपकिरी गोळा उरतो, तो रंगाच्या मऊ ब्रशनं सोडवायचा. हे जमायलाच मला चार महिने लागले.

पुढे ऑक्सिजन इलेक्ट्रोड. छोटी कुपी, तळाशी इलेक्ट्रोड, वर बूच, बुचातल्या बारीक भोकातून सिरिंजनं एकेक गोष्ट सोडायची. आधी पायरुव्हेट आणि मॅलेट, हे त्यांचं इंधन. मग एडीपी (ज्यापासून ते एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवतात) टाकलं की पडद्यावरची ऑक्सिजनची रेषा झपकन खाली उतरते, एडीपी संपलं की पुन्हा सपाट होत जाते. चान्स आणि विल्यम्स यांनी १९५५ मध्ये या अवस्थांना क्रमांक दिले, ते आजही चालतात. त्या दोन उतारांचं गुणोत्तर म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची तब्येत. त्यानंतर रोटेनोन टाकून कॉम्प्लेक्स वन, म्हणजे पायरुव्हेटचे इलेक्ट्रॉन ज्या दारानं आत येतात ते, बंद करायचं आणि सक्सिनेट हे दुसरं इंधन द्यायचं, म्हणजे इलेक्ट्रॉन दुसऱ्या दारानं आत येतात. रोटेनोन म्हणजे काही वनस्पतींच्या मुळांत सापडणारं विष. मासे गुंगवून पकडायला लोक पूर्वापार ते वापरत आले आहेत.

मी रोज आधी निरोगी उंदीर करायची, मग मधुमेही. का, तर वहीत पहिला रकाना ‘कंट्रोल’चा होता. याहून मोठं कारण नव्हतं.

एका गुरुवारी निरोगी उंदराच्या नमुन्याची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये तडकली. दुसरा उंदीर घेऊन पहिल्यापासून सुरू करावं लागलं, म्हणून त्या दिवशी मधुमेही नमुना आधी मोजला. गुणोत्तर आलं आठच्या आसपास, एकदम ठणठणीत. दुपारी निरोगी मोजला, तर तीन.

मला वाटलं लेबलं बदलली. ग्लुकोमीटरच्या नोंदी काढल्या, लेबलं बरोबर होती. मग अकराही जोड्यांचे आलेख प्रिंट काढून टेबलावर पसरले. मधुमेही नमुने मार खात होते ते फक्त पायरुव्हेटवर. सक्सिनेटवर निरोगी आणि मधुमेही सारखेच पळत होते. म्हणजे अडत होतं ते फक्त कॉम्प्लेक्स वनपाशी.

शेजारच्या बाकावरच्या सीनियरनं चहा पीत पीत विचारलं, “मधे बूच कशानं धुतेस?”

“पाण्यानं. तीनदा.”

“रोटेनोन पाण्यात विरघळतं का गं?”

नाही विरघळत. आम्ही ते इथेनॉलमध्येच करून ठेवतो. रात्री कुपी आणि बूच इथेनॉलमध्ये भिजत असायचे, त्यामुळे सकाळचा पहिला नमुना स्वच्छ कुपीत जायचा. दोन मोजण्यांच्या मधे मात्र माझी घाई, कारण बर्फावर मायटोकॉन्ड्रिया चार-पाच तासच धड राहतात. पहिल्या नमुन्याचं रोटेनोन बुचाला चिकटून दुसऱ्याला गाठत होतं. दुसरा नेहमी मधुमेही.

दुसऱ्या दिवशी एकाच निरोगी हृदयाचा नमुना लागोपाठ दोनदा मोजला. पहिल्यांदा आठ, दुसऱ्यांदा तीन. ही दुहेरी मोजणी मी पहिल्याच महिन्यात करायला हवी होती. नमुना पुरत नाही, वेळ पुरत नाही, असं म्हणून टाळली होती. आणि खरं सांगायचं तर आकडे मनासारखे येत होते, छापील पेपरांशी जुळत होते, म्हणून कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही. आकडे उलटे आले असते तर पहिल्याच आठवड्यात मी बूच घासलं असतं.

मॅडमना सांगताना माझा आवाज गेला. त्या रागावल्या नाहीत. “सेमिनारला जे होते त्या सगळ्यांना आज मेल टाक,” एवढंच म्हणाल्या. तो मेल लिहायला मला चार तास लागले.

आता दोन मोजण्यांच्या मधे पाणी, इथेनॉल, पुन्हा पाणी, अशा कितीतरी फेऱ्या होतात. कोणता नमुना आधी, ते चिठ्ठी काढून ठरतं. मधुमेही आणि निरोगी यांत फरक अजून दिसतो, पण सेमिनारच्या आलेखातल्या फरकाच्या निम्माही नाही, आणि काही जोड्यांत दिसतच नाही.

सगळ्यात जड गेला तो प्राण्यांसाठीच्या नैतिकता समितीचा फॉर्म. जास्तीचे उंदीर हवेत, तर कारण लिहा. बावीस उंदीर वाया गेले होते. आधी मी ‘पद्धतीत सुधारणा’ असं गुळमुळीत लिहिलं. मॅडमनी ते खोडलं. मग लिहिलं, ‘उपकरण नीट न धुतल्यामुळे आधीच्या मोजण्या रद्द.’ बैठकीत समितीतल्या पशुवैद्यांनी एकच प्रश्न विचारला, ते जुनं बूच कुठे आहे?

मी बरोबर नेलं होतं. त्यावर लाल नेलपॉलिशनं ‘रो’ लिहिलं आहे. ते आता फक्त सक्सिनेटच्या कुपीला लागतं.