केसपेपरवरचं ‘नाही’

त्या पोराच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : झोप लागत नाही, छातीत धडधडतं, परीक्षेचा ताण. त्याखाली ‘तंबाखू / सिगारेट / दारू’ या छापील प्रश्नापुढे ‘नाही’. बारावीचं वर्ष, वाशीला क्लास, रात्री दोन-दोनपर्यंत जागरण. ताण नाही तर काय असणार? मी त्याला संध्याकाळनंतरचा चहा बंद करायला सांगितला, श्वासाचा एक व्यायाम दाखवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. हे जूनच्या शेवटी.

तीन आठवड्यांनी, जुलैतल्या एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याच पोराला दोघांनी धरून रिक्षातून उतरवलं.

माझा दवाखाना कोपरखैरण्यात, माथाडींच्या घरांना लागून. पेशंट बहुतेक सातारा-सांगलीकडचे. या मुलाचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहतात. आजीच्या गुडघ्यांपासून धाकट्या बहिणीच्या लसींपर्यंत या घराचं सगळं माझ्याकडेच असतं. म्हणून नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

पोरगा पांढराफटक पडला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, बोटं थरथरत होती. सकाळपासून तीन उलट्या. “काल रात्री गाडीवरचं शेजवान खाल्लं, मॅडम, मी नको म्हणत होते,” आईने निदान सांगूनच टाकलं. पावसाळ्यात आमच्याकडे उलट्यांचा पेशंट म्हणजे गॅस्ट्रो नाहीतर कावीळ, त्यामुळे मीही त्याच वाटेने निघाले होते. पण जुलाब नव्हते, ताप नव्हता, पोट मऊ होतं. नाडी १२८. रक्तदाब १५०/९६. मी पट्टा काढून दुसऱ्या हाताला बांधला, तरी तेच. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की रक्तदाब उतरतो, इथं तो चढलेला. साखर १०४. ईसीजीत ठोके जलद, बाकी काही नाही. तासाभरात ठोके खाली आले नाहीत तर वाशीला महापालिकेच्या रुग्णालयात हलवायचं मनाशी ठरवलं आणि सलाईन लावायला घेतलं.

पँटचा पट्टा सैल करताना त्याच्या खिशातून काहीतरी लादीवर पडलं. आमच्या मावशींनी ते उचलून टेबलावर ठेवलं. “ह्याचं ते रंगीत पेन पडलं बघा.” जाडसर, हिरवट-गुलाबी, हायलायटरच्या आकाराचं. मी नाकाजवळ नेलं. कलिंगडाच्या गोळीचा वास. तोच वास त्याच्या शर्टालाही येत होता आणि मी इतका वेळ तो अत्तराचा समजत होते. पेन नव्हतंच ते, इ-सिगारेट होती : आतला द्रव बॅटरीवर तापतो आणि त्याची वाफ ओढायची.

पोराने डोळे उघडले. त्या दिवसातलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य हे : “मॅडम, त्यात निकोटिन नाहीये. बॉक्सवर लिहिलंय.”

बॉक्स त्याच्या क्लासच्या बॅगेत निघाला. समोर खरोखरच ठळक अक्षरांत ‘झिरो निकोटिन’. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. चष्मा काढून, बॉक्स डोळ्यांजवळ धरून वाचावी लागली. प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वाद, आणि मग ६-मिथाइल निकोटिन.

म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. बॉक्सही, शब्दशः बघायला गेलं तर, खोटं बोलत नव्हता. निकोटिनच्या रेणूला एका जागी एक कार्बन आणि तीन हायड्रोजनची शेपटी जोडली की रसायनशास्त्राच्या वहीत तो वेगळा पदार्थ होतो. पण लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं म्हणून माहेरचा कुत्रा तिच्यावर भुंकत नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर निकोटिन जाऊन बसतं, तिथंच हेही बसतं. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत ते निकोटिनपेक्षा जहाल दिसलं आहे. माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं गेलं तर काय होईल, हे मात्र आता ही पोरंच आपल्यावर करून दाखवत आहेत.

ही शेपटी कशासाठी, तर कायद्यासाठी. अमेरिकेत सरकारचा अधिकार तंबाखूतून काढलेल्या निकोटिनवर होता. मग कंपन्यांनी प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटिन भरायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, आमचा तंबाखूशी संबंध काय? तिथल्या संसदेने मार्च २०२२ मध्ये ही फट बुजवली. निकोटिन कुठूनही आलेलं असो, नियम लागू. त्यावर पुढची चाल ही : निकोटिनच नको, त्याचा जुळा भाऊ चालेल. २०२४ मध्ये ड्यूक आणि येल विद्यापीठांतल्या संशोधकांनी असे काही द्रव तपासले, तेव्हा लेबलवरचा आकडा आणि आतला आकडा जुळेनात. काहींवर नुसतं निकोटिनामाइड, म्हणजे ब गटातल्या जीवनसत्त्वाचं एक रूप, लिहिलेलं. आत न सांगता ६-मिथाइल निकोटिनही घातलेलं. शिवाय साखरेच्या हजारो पट गोड असलेलं निओटेम. पोरांना तंबाखूची चटक लावायला आधी जिभेवर साखर ठेवायची, ही अक्कल आपल्याकडच्या गोड सुपारीवाल्यांनाही फार पूर्वीपासून आहे.

आणि गंमत अशी की आपल्याकडे या पळवाटेला अर्थच नाही. २०१९ च्या आपल्या कायद्याने इ-सिगारेटच्या व्याख्येतच म्हटलंय की आतल्या पदार्थात निकोटिन असो वा नसो. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. साठवणं सोडलं तर बाकी सगळ्याला, पहिल्या गुन्ह्यात, एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘झिरो निकोटिन’ हे शब्द इथल्या कायद्यासमोर कुचकामी आहेत. ते उपयोगी पडतात फक्त आई-वडिलांसमोर. आणि माझ्यासमोर.

वडील मार्केटातून धावत आले. खांद्यावर बारदानाची धूळ, पावसाने तिचा चिखल झालेला. त्यांना मी समजावून सांगत होते आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या चुन्याच्या डबीकडे गेला. पोराने पडल्या पडल्या ते पाहिलं. “पप्पा, तुमच्यात तरी तंबाखू आहे. माझ्यात ती पण नाही.”

वडिलांनी डबी परत खिशात ढकलली. बोलले काहीच नाहीत.

बाजूच्या लॅबवाल्याकडे कोटिनिनची पट्टी असते. विम्याच्या तपासणीला आलेला माणूस ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणतो तेव्हा ती कामाला येते. निकोटिन शरीरात गेलं की यकृतात त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत दिवस-दोन दिवस तरी सापडतं. मी नमुना पाठवला. बॉक्सवर छापलेलं खरंच मानायचं कशाला? आत साधं निकोटिन असेल तर पट्टी सांगेल. या पट्टीचं वाचन उलटं असतं : एक रेघ म्हणजे सापडलं, दोन रेघा म्हणजे नाही. दहा मिनिटांनी लॅबवाला स्वतःच पट्टी घेऊन आला. दोन रेघा. स्वच्छ.

“म्हणजे पोरगं खरं बोलतंय की,” वडिलांचा आवाज एकदम मोकळा झाला. आई रडायला लागली, सुटकेने. मी पट्टी हातात घेऊन उभी. ती कोटिनिनच शोधते. निकोटिनच्या जुळ्या भावाचं काय होतं हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. हे त्यांना सांगितलं, पण छापील कागद आणि दोन रेघा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, शेजवानच असेल.

दुपारी एकपर्यंत उलटी थांबली. नाडी ९६ वर आली, रक्तदाब उतरला. त्याला घरी पाठवता आलं असतं, पण मी आतल्या खाटेवर ठेवून घेतलं. बाहेर पाऊस धो-धो पडत होता, पेशंट तुरळक. तीनच्या सुमारास आजी नातवासाठी पेज घेऊन आली. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, काखेत स्टीलचा डबा. खाटेशेजारी स्टुलावर बसली आणि नुसती बघत राहिली.

पोरगं आता बरं होतं, आणि तरी बरं नव्हतं. पाय एकसारखा हलत होता. पेज दोन घोट घेऊन सरकवली. आईवर खेकसला. मोबाईल घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. दर पाच मिनिटांनी ‘बाहेर हवेला जाऊन येतो’. आणि हात पँटच्या उजव्या खिशाकडे जायचा, खिसा रिकामा आहे हे आठवून परत यायचा.

आजी उठून माझ्या टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, “बाई, तलफ हाय ती.”

“कशावरनं, आजी?”

“माझी मशेरी सपली न् दुकान बंद आसलं की मी आशीच करती. सुनंला इचारा.”

साठ वर्षं तव्यावर तंबाखू भाजून दातांना लावणाऱ्या बाईने, लॅबच्या पट्टीला जे दिसलं नाही ते बारा फुटांवरून ओळखलं. मी तिला एवढंच विचारलं, हे तुम्हाला आज दिसलं की आधी? तर म्हणाली, पोरगं दोन महिने पहाटे उठून मोरीत जाऊन बसतंय, तिला वाटलं पोट साफ होत नसेल.

मग मी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि दार लोटलं. ‘व्यसन’ हा शब्द काढला नाही. विचारलं, सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळाने?

“उठल्यावर नाही, मॅडम. त्याच्यासाठीच जाग येते. तीनला, पाचला. उशीखाली असतं.”

सुरुवात चार महिन्यांपूर्वी. क्लासमधल्या एकाने दिलं. धूर नाही, वास म्हणजे कलिंगड, ठसका नाही. घरात तंबाखूच्या बारा भानगडी बघितलेला पोरगा. वडिलांच्या दातांकडे बघून त्याने ठरवलं होतं की आपण तंबाखूला हात लावायचा नाही. म्हणूनच त्याने ‘निकोटिन नसलेलं’ निवडलं. माझ्या केसपेपरवर ‘नाही’ सांगितलं तेही प्रामाणिकपणे. हे ऐकताना मला पेनाचं टोपण सापडेना, इतकंच सांगते.

आधी एक डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकून द्यायचं, आठवडाभर पुरायचं, मग चार दिवस, मग तीन. फोनवरून मागवायचं, बाईकवरून कोणीतरी गल्लीच्या तोंडाशी आणून द्यायचं. हजार-बाराशे रुपये. क्लासच्या फीतले काही पैसे त्यात गेले होते आणि वडिलांनी घेऊन दिलेले इअरफोनही. त्या सोमवारी क्लासची चाचणी होती म्हणून रात्रभर अभ्यास. हातातलं नवीन, आधीच्यापेक्षा मोठं. किती ओढलं हे त्याला सांगता येईना, आणि ते खरंच सांगता येत नाही. विडी विझते, सिगारेट बोटाला चटका देते, तंबाखू थुंकावीच लागते. थांबायची काहीतरी खूण असते. ह्या वस्तूला ती नाहीच. पहाटे चारनंतर डोकं गरगरायला लागलं, तर बरं वाटावं म्हणून त्याने आणखी ओढलं.

वडिलांना सगळं कळल्यावर ते त्या बाईकवाल्याला शोधायला निघाले होते. पोलिसांकडे जायचं तर जा, म्हटलं, कायदा तुमच्या बाजूने आहे. विकणाऱ्याला शिक्षा आहे, ओढणाऱ्याला वेगळी शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. पोरगं नाव सांगेना. त्याच्याकडे नाव नव्हतंच, एक टोपणनाव आणि एक नंबर होता, तो संध्याकाळपर्यंत बंद झाला.

उपचाराचं कोडं वेगळंच. सिगारेट सोडणाऱ्याला मी ‘रोज किती?’ विचारते आणि त्यावरून निकोटिनच्या च्युइंगमची मात्रा ठरवते. इथं किती हे कोणालाच माहीत नाही, काय हेही नीटसं नाही, आणि मुलगा अठराच्या आतला. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६, तो नंबर माझ्या समोर त्याच्या फोनमध्ये घालायला लावला. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, भूक वाढेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, हे आईला लिहून दिलं, म्हणजे त्यावरून भांडण नको. चाचणी बुडाली ती बुडाली.

एक महिन्याने तो आला. नाडी ७८. मध्ये एकदा घसरला, मित्राकडचं ओढलं, हे स्वतःहून सांगितलं. झोप येते म्हणाला, पण स्वप्नं विचित्र पडतात. ते उपकरण अजून माझ्या खणात आहे. बॅटरी असल्यामुळे कचऱ्यात टाकता येत नाही आणि इ-कचरावाला आला की माझ्या लक्षात राहत नाही.

दरम्यान केसपेपर संपले होते, नवीन छापायला द्यायचे होते. ‘तंबाखू / सिगारेट / दारू’ खोडून मी तिथं लिहिलं : काही ओढता, चघळता, लावता, फुंकता, हुंगता का? नाव माहीत नसलं तरी चालेल.

नव्या गठ्ठ्यातला पहिला कागद आजीचाच निघाला, गुडघ्यांसाठी आली होती. मावशींनी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला.

“लावती,” आजी म्हणाली. “सकाळी, जेवल्यावर, चारला, न् निजताना. भांडान झालं तर मधी येकदा.”

मावशींनी कागद माझ्याकडे वळवला. “मॅडम, हे एवढं लिहायला रेघ पुरत नाही.”