शर्यतीआधीच्या आठवड्यातलं माझं ताट

मॅरेथॉनच्या आठवड्यात धावणं कमी होतं, भूक मात्र तशीच राहते. म्हणून सुरुवातीचे दिवस मी नेहमीसारखीच जेवते. खरा बदल शेवटच्या दोन दिवसांत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 8 ते 12 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, असं क्रीडा आहारतज्ज्ञ सांगतात. माझं वजन 60 किलो, म्हणजे निदान 480 ग्रॅम! दोन जेवणांत ते कधीच बसत नाही. मग थोड्या थोड्या वेळानं मऊ भात, साल काढून उकडलेला बटाटा, मिठाची चिमूट टाकून, आणि चांगलं पिकलेलं केळं. कडधान्यं, कच्च्या भाज्या, तळलेलं बंद. पोट हलकं राहायला हवं.

वजनकाटा किलो-दीड किलो वर सरकतो. कृपा करून घाबरू नका. कर्बोदकं स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे धावण्याचं इंधन, बनून साठतात आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं, म्हणून हे वजन वाढतं. पूर्वी आधी काही दिवस कर्बोदकं खाणं जवळपास बंद करून मग भरपूर खायची पद्धत होती. आता त्याची गरज नाही हे सिद्ध झालंय, आणि मला त्याचं फार बरं वाटतं. त्या आठवड्यात माणसाला उपाशी ठेवणं क्रूरच.

शर्यतीच्या सकाळी तीन तास आधी उठून जॅम लावलेला पांढरा ब्रेड खाते. लांब पल्ल्याच्या सरावाआधी खाते, तोच.