‘कॉलिस’ लिहिलंय का कुठे?

मी अमेरिकेत मेडिकल कोडर आहे, डॉक्टरांच्या नोट वाचून निदानाला कोड देते. परवा ऑडिटमधून माझी एक केस परत आली. शेरा एका ओळीचा : डॉक्टरांच्या नोटमध्ये ‘कॉलिस’ हा शब्द नाही. (कॉलिस म्हणजे मनगटाजवळच्या फ्रॅक्चरचा एक प्रकार.)

नाही, मान्य. पण बाकी सगळं होतं की! हात टेकून पडणं, मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक, उजव्या रेडियसचं, म्हणजे कोपर ते मनगट यांमधल्या एका हाडाचं, खालचं टोक मोडलेलं. (याहून जास्त सांगत नाही, इथे पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हिपा कायदा आहे.) भारतात मी सात वर्षं फिजिओथेरपी केली. प्लास्टर काढल्यावर आखडलेली असली मनगटं रोज हाताखालून जायची. मी बेधडक कॉलिसचा कोड, एस५२.५३१ए, टाकला आणि पुढची फाइल उघडली.

अमेरिकेत हे चालत नाही. कोडरला कितीही कळलं तरी निदान डॉक्टरांच्याच शब्दांत हवं. नसेल तर एस५२.५०१ए, म्हणजे मोडलंय, प्रकार नमूद नाही. गंमत बघा, फ्रॅक्चर उघडं की बंद हे लिहिलं नसेल तर ‘बंद’ धरायचं, हाड सरकलंय की नाही हे लिहिलं नसेल तर मात्र ‘सरकलेलं’. नियमाने अंदाज बांधला तर चालतो, मी बांधला तर चूक!

कोडच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या मात्र मी प्रेमात आहे. या हाडांसाठी अशी १६ अक्षरं आहेत. ए म्हणजे पहिली भेट असं नवशिक्यांना वाटतं. मूळ उपचार चालू असतील तर तिसऱ्या भेटीलाही ‘ए’ लागतो. मग बंद फ्रॅक्चर नीट जुळत असेल तर डी, रेंगाळलं तर जी, जुळलंच नाही तर के, वाकडं जुळलं तर पी. आपल्याकडची फाइल आठवा : ‘फ्रॅक्चर, प्लास्टर, ६ आठवड्यांनी दाखवणे.’ अर्थात आपले डॉक्टर पेशंटला चेहऱ्याने ओळखतात, त्यांचं त्यावर भागतं. आणि इथलं हे लिहिणं बरंचसं इन्शुरन्सच्या पैशांसाठी असतं, हेही सांगायला हवं.

सासूबाई फोनवर विचारतात, “म्हणजे कारकुनीच ना गं?” सासरच्यांशी न पटण्यालाही कोड आहे, झेड६३.१. त्यांना सांगितलेलं नाही.

तर डॉक्टरांना क्वेरी पाठवली. त्यातही “कॉलिसच ना?” असं विचारायची सोय नाही, उत्तर सुचवल्यासारखं होतं. पर्याय द्यावे लागतात : कॉलिस, बार्टन, इतर, सांगता येत नाही. बार्टन मी आपला नियमापुरता घातला.

आज उत्तर आलं. बार्टन. फ्रॅक्चर सांध्यात गेलंय, मनगटही जागचं सरकलंय.

एस५२.५६१ए टाकला. रात्री नवऱ्याने विचारलं, त्या केसचं काय झालं? म्हटलं, मिटली.